दाराचं माप, कट्ट्यासकट

मला राग लवकर येतो, हे तेलंगणातल्या आमच्या बोथ गावात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेतल्या पोरांना ठाऊक आहे, भाजीवालीला ठाऊक आहे, आणि घर बांधायला काढल्यापासून टाइल्सच्या मेस्त्रीला तर चांगलंच ठाऊक झालं आहे. पण घरात राहायला जायच्या आधीच्या त्या आठवड्यात मी जेवढी भडकले, तेवढी जन्मात भडकले नव्हते. आणि जिच्यावर भडकायचं ती मीच होते, हे कळायला मला अख्खा एक दिवस लागला.

रविवारी राहायला जायचं ठरलं होतं. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत. भंतेजींना वेळ होता आणि शाळेला सुट्टी होती, झाला मुहूर्त. घर तयार होतं म्हणजे काय, जवळजवळ तयार होतं. न्हाणीतला एक नळ बसायचा होता, खिडक्यांच्या जाळ्यांना रंगाचा दुसरा हात बाकी होता, आणि स्विचबोर्डांवर अजून पेंटरची चिकटपट्टी होती. शाळा सुटली की मी थेट तिकडे जायची. जुनं ब्लेड आणि ओला फडका घेऊन टाइल्सवरचे रंगाचे थेंब खरवडत बसायची. गुडघे सोलून निघाले होते, पण बाप्पा, काय सुख होतं त्यात! सतरा वर्षं भाड्याच्या घरात लोकांच्या फरशा पुसल्या, आता ही माझी फरशी होती. खरवडता खरवडता मी मोठ्यानं गाणं म्हणायची, आणि शेजारची तेलुगू मावशी गच्चीवरून हसायची.

घर माझं आणि नवऱ्याचं, पण राहणार होतो चौघं. मी आईबाबांची एकुलती एक. माझा नवरा जवळच्या नेरडीगोंड्याला मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, क्लर्क आहे, शांत माणूस आहे, आणि ‘त्यांना आपल्याकडेच आणू’ हे आधी तोच म्हणाला होता. आई लगेच तयार झाली. बाबांना मात्र जड जात होतं. पोरीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे काय, हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

बाबांनी सारी उमर बोथच्या बाजारात हमाली केली. कापूस, सोयाबीन, जवारी, जे येईल ते पाठीवर आणि डोक्यावर. त्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतात राबला, बाबा दुसऱ्याच्या गोदामात. गोदामांची दारं तेव्हा बुटकी असायची आणि बाबा सहा फूट उंच. चालताना ओझ्याचं काही वाटत नाही, ते म्हणत, दारात वाकताना वाटतं. वाकलं की सगळं वजन मानेत उतरतं. आणि इतकी पोती वाहिली, पण आमच्या घरात पोतं कधी आलं नाही. जवारी यायची ती आईच्या पिशवीतून, दोन किलो, फार तर चार. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या टिनाच्या घरात कट्टा ठेवायला जागाही नव्हती. कट्टा म्हणजे आमच्याकडे पन्नास किलोचं पोतं. पुण्याकडची माणसं कट्टा म्हटलं की बसायला जागा शोधतात, म्हणून सांगितलं.

तर नव्या घराचा पाया भरून झाला आणि चौकट उभी करायची वेळ आली, तेव्हा बाबांनी आपलं उत्तर दिलं.

“येतो मी राहायले,” ते म्हणाले. “पण हात हालवत नाई येत. घरातला पह्यला दाणा माहा. जवारीचा कट्टा डोक्यावर घेऊन आंदी मी आत जाईन, मंग तुमी सारे या. अन् दारात मी वाकणार नाई. सांगून ठेवतो.”

“मान्य,” मी म्हणाले. मला इतका आनंद झाला होता की त्यांनी दारातून हत्ती न्यायचा म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

सुतार चौकटीचं माप घ्यायला आला तर बाबांनी त्याला टेप काढूच दिला नाही. समोरच्या दुकानातून भरलेला कट्टा मागवला, डोक्यावर चुंबळ ठेवली, म्हणजे जुन्या धोतराची ती गोल गुंडाळी, त्यावर कट्टा चढवून घेतला आणि भरावाच्या मातीवर ताठ उभे राहिले. “घे आता माप,” म्हणाले. सुतारानं हसत हसत काठी धरली आणि कट्ट्याच्या डोक्याशी खूण केली. “वर चार बोटं अजून ठेव,” बाबा म्हणाले, “हवा जायले.” चौकट सात फुटांच्या वर गेली. सागवानी चौकट, वर भिंत पेलणारं सिमेंटचं लिंटेल, सगळं त्या मापानं. येणारे-जाणारे विचारायचे, एवढं उंच दार काऊन केलं? मी ऐटीत सांगायची, आमच्या बाबांचं माप आहे.

त्यानंतर काम रखडलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा रखडलं. ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना हे सांगायला नको. अडीच-तीन वर्षं गेली. मधल्या काळात घरासमोरचा रस्ता सिमेंटचा झाला आणि चांगला वीतभर उंच झाला. पाणी आत येईल म्हणून मी मेस्त्रीच्या मागे लागले की आतली पातळी वाढव. मेस्त्री तेलुगू. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर, “एम् कादु मेडम,” म्हणजे काही होत नाही. त्यानं भर घातली, वर सिमेंट, वर टाइल्स. दिसायला झकास झालं.

आणि मग मला नक्षीच्या पट्टीचा नाद लागला. निर्मल गावात एका मैत्रिणीच्या दारावर पाहिली होती. तिथल्याच कारागिराकडून मी तशी करून घेतली. काळ्या रंगावर सोनेरी वेल, दोन बाजूंना दोन मोर, चार बोटं रुंद. सुतार म्हणाला, वर भिंतीवर ठोकली तर पावसानं रंग जाईल, चौकटीच्या आत वरच्या बाजूला बसवू. त्यासाठी त्यानं दाराची फळी वरून तेवढीच कापली आणि पट्टी अशी बसवली की जणू जन्मापासून तिथंच होती. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं, अलीकडे येऊन पाहिलं, फोटो काढून शाळेतल्या सगळ्या बायांना पाठवला. मला वाटलं, आता घर खरं सजलं.

बुधवारी संध्याकाळी बाबा घर बघायला आले. मी आत फरशी खरवडत होते. ते दारात थांबले. आत आले नाहीत. डोक्यावर सरळ वर हात करून त्यांनी काहीतरी चाचपलं, मग दुसऱ्या हाताची बोटं वर लावली. मला वाटलं, मोर बघून राह्यले.

“कसे आहेत मोर?” मी विचारलं.

“मस्त आहेत,” बाबा म्हणाले, आणि चहा न घेता गेले.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत आईचा फोन. “तुहे बाबा म्हणून राह्यले, तुमी दोघं जा राहायले. मी इथंच बरा आहे म्हणते.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौथीच्या वर्गाला पाढे लिहायला लावून मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, नाहीतर बिचाऱ्या पोरांवर निघालं असतं. तीन वर्षं जीव काढून घर बांधलं ते काय दोघांनी मोकळ्या खोल्यांतून फिरायला? शाळा सुटल्यावर मी तडक बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. बाबा ओट्यावर बसून जुन्या धोतराची नवी चुंबळ वळत होते.

“काऊन येत नाई तुमी?” मी उभ्याउभ्याच सुरू झाले. “लोक काय म्हणतील याची भीती वाटून राह्यली ना? तर आंदीच सांगायचं होतं! तुमची खोली केली, खिडकी तुमच्या पलंगाच्या बाजूनं घेतली, अन् आता तीन दिवसांवर आल्यावर—”

“मले इथं बरं वाटते, वं माय,” बाबा म्हणाले. एवढंच. आणि उठून बाहेर गेले. त्यांच्या हातातली चुंबळ अर्धी सुटून खाली लोंबत होती.

मी आईकडे वळले, तर आईच माझ्यावर उखडली. “तुह्या डोळ्यात काय माती गेली का? दार बुटकं झालं ना वं! खालून तुवा फरशी चढवली, वरून ते मोर उतरवले. आता कट्टा घेऊन तो माणूस कसा जाईन आत? वाकून?”

मी बोटांवर हिशेब केला. खालून चार बोटं, वरून चार बोटं. बाबांनी ठेवलेली चार बोटं हवा फरशीनं खाल्ली होती, आणि त्यांच्या कट्ट्यातली चार बोटं माझ्या मोरांनी. माप फुटपट्टीनं घेतलं असतं तर सुताराला पुढच्या भरावाची आणि फरशीची जाडी नक्की आठवली असती, तो रोज तेच करतो. पण माप घेतलं माणसानं, म्हणून आम्ही सगळे माणसाकडेच बघत राहिलो. आणि नंतर त्या मापाची आठवण एकाच माणसाला राहिली.

“मग बोलले काऊन नाई?” मी विचारलं.

“त्याईनं बोलायचं?” आई म्हणाली. “तुमच्या घरात?”

ते ‘तुमच्या’ मला असं लागलं की मी तिथंच ओट्यावर बसून रडले.

रात्री नवऱ्यानं आणि मी उपाय शोधले. तो म्हणाला, कट्टा अर्धाच भरला तर? मी म्हणाले, जा, तुमीच सांगा त्यांना. तो गेला नाही. मेस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, एम् कादु मेडम, दारापुरती फरशी फोडू, पण खाली खड्डा होईल, आणि नवीन बसून सुकायला आठवडा जाईल. मग म्हणाला, नाहीतर पोत्यात भुसा भरा, हलकं पण होईल आणि दाबलं की बसेल. मी त्याला तेलुगूत जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. लिंटेल तोडायचं तर भिंतच उतरवावी लागली असती. राहिले मोर.

सुतार लग्नाला आदिलाबादला गेला होता, सोमवारशिवाय येणार नव्हता. शुक्रवारी मी शाळेत रजा टाकली, शेजारून हातोडी आणि पटाशी आणली आणि स्टुलावर चढले. पट्टी सुतारानं डिंक लावून, खिळे मारून पक्की बसवली होती. इतकं चांगलं काम त्यानं दुसऱ्या कुठल्या जागी केलं असतं तर मी त्याला मिठाई दिली असती. पटाशी आत शिरेना. नवऱ्यानं खालून स्टूल धरलं होतं.

“अवं, हळू. रंग निघून राह्यला मोराचा.”

“मोराची कसली दया करून राह्यले? माझ्या बापाची करा!”

तिसऱ्या घावाला एका मोराची मान तुटली. पाचव्याला पट्टी सुटली आणि माझ्या खांद्यावर आपटून खाली पडली. खांदा आठवडाभर हिरवानिळा होता. पण खरं सांगते, ती पट्टी खाली पडलेली पाहून मला जे समाधान झालं, ते ती बसवताना झालं नव्हतं. आता दार बंद केलं तरी फळीच्या वर चार बोटांची फट राहत होती आणि तिथून समोरच्या घराची गच्ची दिसत होती. नवं घर आणि दाराला फट. असू दे.

मी टेप लावून पाहिलं. सुताराची ती खुणेची काठी अजून घरामागे पडून होती, तिच्यावरून माप घेतलं. फरशीपासून नव्यानं मोजलं, माणूस अधिक कट्टा. बरोबर चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत. एक बोट जास्त नाही, एक बोट कमी नाही. जाईल की अडेल, काही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मी बाबांना हाताला धरून घेऊन आले. ते दारात उभे राहिले. वर पाहिलं, मग भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोडक्या पट्टीकडे पाहिलं.

“इतकी चांगली वस्तू काऊन तोडली, वं?”

“तुमी बोलला असता तर नीट काढली असती!” मी ओरडले. “घर तुमचं नाई का? मी काय परकी झाली का तुमाले? दारातून परत जाता, चहा घेत नाई, आईकडून निरोप पाठवता!”

“तुही हौस होती,” बाबा म्हणाले. “तुह्या हौसेले मी कधी पुरा पडलो नाई. आता तू तुह्या पैशानं करून राह्यली, त्यात मी खोडा घालू?”

नवरा पुढे झाला. “बाबा, कट्टा घेऊन एकदा जाऊन पाहता का? रविवारी अडलं तर सगळ्या लोकांसमोर—”

“तालीम नाटकात करतेत,” बाबा म्हणाले. “रविवारी पाहू.” आणि आत येऊन त्यांनी चहा मागितला. येतो असं ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर जवारी आणायला बाजारात गेले. ज्या दुकानांतून त्यांनी आयुष्यभर माल उचलला, तिथं ते पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले. पाच ठिकाणची जवारी तळहातावर घेतली, फुंकर मारली, दाणा दाताखाली फोडला आणि नाक मुरडलं. दुकानदार वैतागला. मला तर वाटत होतं, त्यांनी अजून पाच दुकानं फिरावं. शेवटी एक पसंत पडली. त्यांचे जुने सोबती हमाल धावत आले कट्टा ऑटोत चढवायला. “नव्या घरी का?” एकानं विचारलं. “हाव,” बाबा म्हणाले, “आमच्या नव्या घरी.” मी तोंड फिरवून दुसरीकडे बघितलं, कारण पुन्हा डोळे भरून आले होते आणि बाजारात रडायची मला लाज वाटते.

रविवार उजाडला. अंगणात मांडव, शाळेतल्या बाया, नवऱ्याच्या ऑफिसची माणसं, गल्लीतले सगळे. भंतेजी येऊन खुर्चीवर बसले होते. शेजारची तेलुगू मावशी सकाळपासून चुलीवर दूध ठेवून वाट बघत होती, म्हणाली, ते उतू गेल्याशिवाय घर घर होत नाही. मी म्हटलं, जाऊ द्या उतू, मावशी, आज कुणाला नाही म्हणायचं नाही. सगळ्यांना माहीत होतं की आधी बाबा जाणार. दाराची गोष्टही सगळ्यांना माहीत झाली होती, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाबांनी नवं धोतर नेसलं होतं. डोक्यावर चुंबळ ठेवली. दोन सोबत्यांनी कट्टा उचलून वर दिला. पासष्टी ओलांडलेल्या त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या आणि आईनं पदर तोंडात धरला. ते पायऱ्या चढले. एक, दोन, तीन. मी दाराच्या बाजूला उभी होते आणि माझं लक्ष फक्त वरच्या लाकडाकडे होतं. मनात म्हणत होते, अडू नको, अडू नको, मी तुझ्या सागवानाला आयुष्यभर तेल लावीन. बाबा उंबऱ्याशी आले. थांबले नाहीत. गुडघा वाकवला नाही, मान झुकवली नाही, नजर समोर. उजवा पाय आत टाकला. वरून खर्रर्र असा आवाज आला, गोणपाट लाकडाला घासलं, गोणपाटाचे चार धागे चौकटीला चिकटून राहिले, आणि बाबा आत होते.

मी एवढ्या जोरात ओरडले की भंतेजी दचकले. मग मांडवातून टाळ्या सुरू झाल्या. ऑफिसची माणसं शिट्ट्या मारत होती. आई मात्र पदर काढून शांतपणे म्हणाली, “तीन वर्सात म्हातारा बोटभर आटला, म्हणून गेला.” सगळे हसले आणि ती रडायला लागली.

मी आणि नवरा मागोमाग आत धावलो, कट्टा उतरवायला. ओझं डोक्यावरून एकट्यानं उतरवता येत नाही, दोन हात लागतातच.

“बाबा, इकडं, सैपाकघरात ठेवू,” नवरा म्हणाला.

“नाई, कोपऱ्यात बरं,” मी म्हणाले. “इथं टाका, बाबा.”

बाबा हॉलच्या मधोमध उभे होते. हलले नाहीत.

“थांबा,” ते म्हणाले. “हयातभर लोक सांगत आले, इथं टाक, तिथं टाक. आज कोणी नोका सांगू.”

आम्ही हात खाली घेतले. डोक्यावर पन्नास किलो घेऊन बाबा उभ्या जागी हळूहळू फिरले. खिडकी पाहिली, त्यांच्या खोलीचं दार पाहिलं, सैपाकघर पाहिलं, भिंतींचा रंग पाहिला. कपाळावरून घाम गळत होता आणि त्यांना कसलीच घाई नव्हती. बाहेरचे लोक दारात गोळा झाले होते, पण आत कुणी पाऊल टाकलं नाही. मग ते पुन्हा दाराकडे तोंड करून थांबले.

“उतरवा,” बाबा म्हणाले. “इथंच.”

भर हॉलमध्ये, दारासमोर, येण्याजाण्याच्या वाटेवर. आम्ही कट्टा उतरवला. त्या दिवशी घरात आलेला प्रत्येक माणूस, भंतेजीसुद्धा, त्या कट्ट्याला वळसा घालून आत आला.